दिवटीला निरोप

मार्तंडाचा हात हलत नसे. एवढीच काय ती त्याची इस्टेट. देवासची खोली भाड्याची, डोक्यावरचे केस चाळिशीच्या आतच पसार झालेले, आवाज असा की बाजूच्या माणसाला दोनदा विचारावं लागे. पण हात पुढं धरला की धरला. तळहातावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी, मारुतीला जाऊन यावं, तरी वाटीतलं पाणी आरशासारखं तसंच.

हा हात त्याला बापाकडून मिळालेला. बाप धारच्या दरबारात दिवट्या होता. भादव्यात धारनाथाचा छबिना निघाला, की पालखीच्या पुढं अडीच हातांवर पेटती दिवटी घेऊन चालायचं, हे त्याचं काम. ऐकायला सोपं. पण त्याला तीन नेम होते आणि ते त्यानं पोराच्या हाडांत मुरवले होते. दिवटीकडं बघायचं नाही, वाटेकडं बघायचं. ज्योत हलली तर वाऱ्याचा दोष, हात हलला तर आईच्या दुधाचा. आणि तिसरा नेम सगळ्यांत कडक. निरोप मिळाल्याखेरीज दिवटी खाली घ्यायची नाही. दिवट्यानं आपल्या मनानं उजेड काढून घेणं म्हणजे भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवणं. समोरचा मोठा माणूस "दिवटीला निरोप" म्हणेल, मगच हात उतरायचा.

एका वर्षी कारभारी निरोप द्यायचा विसरला आणि घरी जाऊन पुरणपोळीवर बसला. देव देवळात गेले, लोक पांगले, बाप पायरीशी उभाच. शेवटी कोणीतरी पळत जाऊन कारभाऱ्याला ताटावरून उठवलं. तो हात खरकटा घेऊनच आला आणि लांबूनच ओरडला, "निरोप रे बाबा, निरोप!" ही गोष्ट बाप सांगायचा तेव्हा हसायचा नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

मार्तंडाला हे शिकवण्यात निम्मा वाटा अक्काचा. अक्का त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. अंगणात मार्तंडानं रिकामी दिवटी धरायची आणि अक्कानं तेलाच्या बुधलीत पाणी भरून, त्याच्या डाव्या अंगानं चालत, दिवटीवर धार सोडायची. थेंब बाहेर पडला की त्याच्या कानाला चिमटा. चूक तिची असली तरी चिमटा त्यालाच. खरं म्हणजे अक्काचा हात त्याच्याहून थिर होता. बाप एकदा बोलूनही गेला, "पोरगी व्हायला नको होती ही." छबिन्यात बायकांनी चालायचं नसे. अक्का खिडकीतून बघायची. बघायची म्हणजे काय, पालखी दारावरून जायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ. पुढं ती कुठं वळते, कशी जाते, हे तिला मार्तंडानं परत येऊन सांगायचं.

मग संस्थान गेलं. दिवट्या माळ्यावर गेल्या. अक्काचं लग्न धरमपुरीला झालं, नर्मदेवर नावांचा ठेका असलेल्या घरात. दहा वर्षांत कुंकू पुसून ती धारला परत आली आणि लोकांकडं स्वयंपाकाला जाऊ लागली. मार्तंड धारच्या टॉकीजमध्ये मशीनवर लागला. म्हणजे पुन्हा उजेडच. पुढं देवासला कारखाने आले, धारची, इंदूरची मराठी माणसं पेटी-वळकटी घेऊन तिकडं सरकली, तसा तोही बायकोला, शशिकलेला, घेऊन सरकला. कारखान्यात वायरमन झाला, शिडीवरून पडला, कंबर धरली, तेव्हा साहेबानं त्याला कंपनीच्या दवाखान्यात बसवलं. तिथं शेकायचा दिवा होता. कोणाची मान, कोणाचे गुडघे, त्यावर दिवा धरून बसायचं. औषधं वाटणारे मानसिंगराव थट्टा करायचे, "मार्तंड भिया, तुमचं नसीबच ऐसा आहे. दुनिया अंधारात आणि तुम्ही दिवा घेऊन खडे."

असा हा हात एकदाच हलला.

ब्याऐंशी सालची चंपाषष्ठी. अक्का सणाला देवासला आली होती. वांग्याचं भरीत झालं, बाजरीचे रोडगे झाले, तळी उचलली. खंडोबापुढं घरची पितळी दिवटी मार्तंडानं पेटवून धरली आणि अक्का शेजारी बुधली घेऊन उभी राहिली. आरती मध्यावर आली असताना कंबरेत जुनी कळ उठली. हात हलला. सुपारीएवढा हलला असेल. पेटत्या तेलाचा एक थेंब सुटला आणि अक्काच्या पावलावर, अंगठ्याच्या मागं, टेकला.

अक्का हूं की चूं बोलली नाही. आरती संपली, तिनं "दिवटीला निरोप" म्हटलं, मार्तंडानं हात उतरवला, आणि मग ती खाली बसून म्हणाली, "शशे, जरा पाणी आण गं पायावर घालायला."

"वन्सं, आधी नाही का सांगायचं!"

"दिवटी वर होती ना."

वाटाण्याएवढा फोड. चार दिवसांत बरा होईल असं सगळ्यांनाच वाटलं. पण अक्काच्या रक्तात साखर होती, हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. फोड फुटला, त्याची जखम झाली. महिना गेला, वर्ष गेलं, जखम बुजेना. वाटाण्याची रुपयाएवढी झाली. तिनं हळद लावली, भंडारा लावला, कन्नौदच्या कोणा बाबाचा काळा लेप लावला. मार्तंडाला पत्रात लिहायची, "पाय ठीक आहे." पंच्याऐंशीच्या गणपतीत तो धारला गेला आणि उंबऱ्यातच त्याला वास आला. त्यानं जोडेही काढले नाहीत. तिची पिशवी भरली आणि इंदूरमार्गे बसनं तिला देवासला आणली.

इंदूरच्या सर्जननं पाय बघितला, टाचणी टोचून बघितली, फोटो काढले. म्हणाले, "हाडापर्यंत अजून गेलं नाही, पण रस्त्यात आहे. साखर ताब्यात ठेवा, रोज पट्टी, पाय टेकवायचा नाही. चंपाषष्ठीच्या आधी परत आणा. तेव्हाही असंच असलं तर घोट्याच्या वरून काढावा लागेल."

चंपाषष्ठीच का म्हणाले कोण जाणे. कॅलेंडर समोर होतं, त्यावर लिहिलेलं असेल. मार्तंडाला मात्र ती तारीख कोणीतरी मुद्दाम निवडल्यासारखी लागली. परतीच्या बसमध्ये तो आपल्या उजव्या हाताकडं बघत बसला. अक्का खिडकीतून सोयाबीनची शेतं बघत होती.

"पाय माझा आहे," ती एकदम म्हणाली. "तोंड कशाला तुझं पडलंय?"

कंपनीच्या दवाखान्यात डॉक्टरीण होत्या प्रेमलाबाई. तिशी-पस्तिशीच्या, इंदूरच्या, बोलताना निम्मं हिंदी. त्यांचे थोरले भाऊ इंदूरला कॉलेजात विज्ञान शिकवायचे. त्या भावाकडून त्यांनी एक चीज आणली. हातभर लांबीचा लोखंडी डबा, आत काचेची नळी, मागं जाड वायर आणि तोंडाशी बोराच्या बीएवढं भोक. बटण दाबलं की त्या भोकातून तांबड्या उजेडाची एक काडी निघायची. काडीच, कारण ती पसरत नव्हती. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तेवढीच बारीक जाई आणि पलीकडं कुंकवाच्या टिकलीएवढी टेके.

"हे बघा मार्तंडभाऊ," बाई म्हणाल्या, "मी झूट बोलणार नाही. परदेशात डॉक्टर लोकांनी हा उजेड न बुजणाऱ्या जखमांवर टाकून बघितलाय. काहींच्या भरल्या, काहींच्या नाही. गॅरंटी कसलीच नाही. आणि उजेड अकेला काही करत नसतो. पट्टी, साखर, आराम, हे सगळं चालूच ठेवायचं. पण हिचं मांस जे सुस्त पडलंय, त्याला याने थोडं जाग येते असं दिसतं."

मार्तंडानं उजेडापुढं हात धरला. तळव्यावर तांबडी टिकली बसली. तो थांबला. पुन्हा थांबला.

"बाई, हा तापत नाही?"

"नाही. हाच तर गंमत आहे याचा."

"धूर नाही, ऊब नाही, तेल नाही." तो टिकलीकडं बघत राहिला. तिच्यात गव्हाच्या पिठासारखे बारीक कण चमचमत होते, जसं काही उजेडच आत उकळतोय. "हा उजेड आहे का उजेडाचं स्वप्न?"

"थेट भोकात बघायचं नाही हं. डोळ्याला वाईट."

"दिवटीकडं बघायचं नाही," मार्तंड म्हणाला. "ते ठाऊक आहे मला."

अडचण एकच होती. टिकली एवढीशी आणि जखम रुपयाएवढी. सगळ्या जखमेवर उजेड सारखा पडायचा तर डबा हातात धरून टिकली या काठापासून त्या काठापर्यंत फिरवायची, शेतात नांगर फिरवतात तशी, ओळीला ओळ लावून. कुठं थांबायचं नाही, कुठं घाई नाही. बारा मिनिटं. एक दिवस आड. प्रेमलाबाईंनी करून बघितलं तर तिसऱ्या मिनिटाला टिकली टाचेवर, भिंतीवर, मानसिंगरावांच्या शर्टावर. मानसिंगराव म्हणाले, "मॅडम, मला काही जखम नाही. दिल का हो तो बात अलग." मग डबा मार्तंडाच्या हातात गेला. त्यानं दोन्ही कोपर बरगड्यांना लावले, श्वास खाली उतरवला आणि टिकली जखमेच्या काठावर ठेवली. ती तिथून कोळ्यानं धागा सोडावा तशी निघाली.

दुपारी तीनची वेळ. पाळी बदलल्याचा भोंगा होऊन गेलेला, दवाखाना रिकामा. खिडकीला काळं कापड. एरवी त्या खिडकीतून देवीची टेकडी दिसे, पण आता तीही नाही. बाकावर अक्का, पाय उशीवर, पट्टी सोडलेली, जखम मिठाच्या उकळल्या पाण्यानं धुतलेली. आणि त्या अंधाऱ्या खोलीत फक्त एक पाऊल तांबडं. डाळिंबाचा दाणा आतून दिसतो तसं.

"पायावर मुंग्याही नाहीत रे," अक्का कुजबुजली. "तू काही करतोयस का नुसता बसलायस?"

"चालतोय," मार्तंड म्हणाला. का म्हणाला त्यालाही कळलं नाही. पण डोळे टिकलीच्या पुढच्या बोटभर जागेवर होते, पेटत्या गोष्टीवर नव्हते, कोपर अंगाशी होते, आणि पस्तीस वर्षं न चाललेली चाल अंगात आपोआप आली होती.

"कुठवर आलास?"

मार्तंड म्हणाला, "राजवाड्यापुढं. आत्ताच निघालो."

अक्का हसली. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "डाव्या हाताला भडभुंजाचं दुकान असेल."

"आहे. फुटाणे भाजतोय."

त्या दिवसापासून हा खेळ झाला. टिकली जखमेच्या एका काठाहून दुसऱ्या काठाला गेली की एक आळी संपली. वळली की नवी आळी. राजवाडा, मग धानमंडी, मग किल्ल्याच्या पायथ्याचा उतार. अक्का डोळे मिटून विचारायची आणि मार्तंड हळू आवाजात सांगायचा. कुठली भिंत नवीन, कुठलं झाड पडलं. जे पडलं होतं ते सांगताना तो उभं करायचा. मुंजसागर तलाव यायचा, पाण्यात दिवट्या उलट्या दिसायच्या, आणि नेमकं तिथंच प्रेमलाबाईंची टेबलावरची घंटी टिंग करायची.

"बस," त्या म्हणायच्या. "आजचा कोटा खतम."

मार्तंडाचा हात उतरायचा. बाई डॉक्टर होत्या, त्यांचा "बस" हा निरोपच.

"बाई फार लवकर वाजवतात," अक्का घरी आल्यावर कुरकुरायची. "देऊळ काही येतच नाही. रोज मेलं ते तळंच."

तीन आठवड्यांत जखमेचा करडा काठ गुलाबी झाला. पाचव्या आठवड्यात शशिकलेनं पट्टी सोडली आणि हाक मारली, "अहो, इकडे या, बघा तरी!" आतून तांबूस, ओलसर, बारीक दाणे वर आले होते, जमिनीतून मेथी उगवावी तसे. रुपयाची जखम आठ आण्यांवर आली. प्रेमलाबाईंनी कागद ठेवून पेनानं आकार उतरवून घेतला. मार्तंडानं त्या दिवशी टेकडीवर जाऊन नारळ फोडला आणि उतरताना पायऱ्यांवर मध्येच बसून राहिला. खाली गावावर ऊन पडलं होतं. हे सगळंच कोणीतरी हलक्या हातानं धरून ठेवलेलं आहे, असं काहीसं त्याला वाटलं.

मग दिवाळी आली. प्रेमलाबाई अठरा दिवसांसाठी माहेरी आणि तिथून कुठल्या शिबिराला गेल्या. जाताना सांगून गेल्या, "भाऊ, तुम्हाला आता सब कुछ येतं. एक दिवस आड, बारा मिनिटं. घड्याळ भिंतीवर आहे."

पहिल्या दिवशी बारा मिनिटं झाली. मार्तंडानं घड्याळाकडं बघितलं. मग अक्काकडं. अक्काचे डोळे मिटलेले, तोंडावर अशी निवांत सुरकुती की तीन वर्षांत कधी दिसली नव्हती. झोपली होती. घंटी वाजवणारं कोणी नव्हतं. समोर थोरली बहीण, उजेडात बसलेली, आणि तिनं निरोप दिलेला नाही. त्याच्या डोक्याला घड्याळ कळत होतं. हाताला कळत नव्हतं. पाच मिनिटांनी उठेल, म्हणून तो फिरवत राहिला. टिकली तळ्यावरून पुढं गेली. जास्त उजेडानं काय बिघडणार आहे, हा विचारही त्यानं केला. उजेड कधी कोणाला जास्त झालाय?

सव्वा तासानं अक्कानं डोळे उघडले. "निरोप," ती म्हणाली. 

ते अठराही दिवस असंच चाललं. एक दिवस आड, तास, सव्वा तास. त्याची कंबर लाकूड व्हायची, पण हात हलला नाही.

प्रेमलाबाई परतल्या, पट्टी सोडली आणि बोलता बोलता थांबल्या. आठ आण्यांची जखम आठ आण्यांचीच होती. काठ पांढुरके, फुगल्यासारखे. मधले दाणे विरून चकचकीत झालेले. चंपाषष्ठीला चार आठवडे उरले होते.

"साखर?" त्यांनी विचारलं. साखर ठीक होती. "पाय टेकवला?" नाही. "गूळ खाल्ला?"

"एकच करंजी," अक्का म्हणाली. "तीही अर्धी शशीनं हिसकावली."

"मग झालं काय? बारा मिनिटंच देत होता ना भाऊ?"

मार्तंड सरळ उभा होता. "नाही. सव्वा तास."

"सव्वा..." बाई खुर्चीवर बसल्या. "अहो, घड्याळ नव्हतं का?"

"घड्याळ होतं. निरोप नव्हता."

मानसिंगराव हसायला गेले आणि त्याचं तोंड बघून तसेच राहिले. मार्तंडानं मग सगळं सांगितलं. बाप, पालखी, पुरणपोळीवर बसलेला कारभारी. दोनदा विचारावं लागणाऱ्या आवाजात, पण बाईंनी एकदाही पुन्हा विचारलं नाही.

"भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या शशिकलाबाईंनी कुंडीत मेथी लावलीय ना? तिला रोज भांडंभर पाणी घातलं तर येते. हंडाभर घातलं तर?"

"कुजते."

"हा उजेड तसाच आहे. थोडा दिला तर मांस जागं होतं. फार दिला तर उलट गप्प बसतं. पुस्तकात हेच लिहिलंय, फक्त मेथी नाही लिहिली." त्यांनी नवी पट्टी उलगडली. "माझीच चूक. बारा मिनिटं का, हे मी सांगितलंच नाही."

मार्तंडानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. हलला तेव्हा याच हातानं पाय जाळला. आणि हलला नाही तेव्हा याच हातानं... तो वळला. बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीशी उभा राहिला. टाकी कोरडी होती. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतंच.

अक्काला तिथवर येता येत नव्हतं. तिनं आतूनच हाक मारली. "मार्तू! इकडे ये. मी काही एवढ्यात मरत नाही, पण ओरडून घसा जाईल."

तो आला. बाकाच्या टोकाशी बसला.

"मी झोपले नव्हते," अक्का म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिवशी लागला असेल डोळा, क्षणभर. बाकीचे दिवस मिटून पडले होते. मुकाट. तुला निरोप द्यायचा हे मला कळत नव्हतं की काय? ते तुला शिकवलं कोणी?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तळ्यापुढं मी कधी गेलेच नाही रे. खिडकीतून दिसायची पालखी आणि गेली. तू सांगायचास, पण तूही तेव्हा एवढासा, निम्मं विसरायचास. या वेळी तू गेलास तळ्यापुढून, आणि मी तुझ्या डाव्या अंगाला. बुधली माझ्या हातात. पाय दुखत नव्हता. देऊळ आलं तेव्हा मी मुद्दामच उशीर केला. म्हटलं, घटकाभर उभं राहू. हात तुझा, पण हाव माझी. तेव्हा आता त्या हाताकडं असा बघू नकोस. पाहवत नाही."

त्यानं हात मांडीवर उपडा ठेवला. मग मार्तंड म्हणाला, "पाय गेला तर?"

"म्हणून तर." अक्कानं पाय उशीवर नीट ठेवला. "आता बारा मिनिटांना मी निरोप देणार. तळ्याशी आलो की बस. उरलेली वाट मी पायानं जाईन."

चार दिवस उजेड बंद ठेवला, नुसती पट्टी. मग पुन्हा सुरू. बाईंनी घंटी अक्काच्या हातात दिली, पण अक्कानं ती बाजूला सारली. घड्याळ बघून ती स्वतःच म्हणायची. डोळे मिटायची नाही आता. टिकली फिरायची, राजवाडा यायचा, फुटाण्यांचा वास यायचा, तळ्याचा काठ यायचा, पाण्यात उलट्या ज्योती थरथरायच्या, आणि अक्का त्यांच्याकडं बघत, एखादं ताट पुढ्यातून सारावं तशी, म्हणायची, "दिवटीला निरोप." मार्तंडाचा हात उतरायचा. खोलीत क्षणभर पुरता अंधार व्हायचा. मग शशिकला कापड सरकवायची आणि टेकडी खिडकीत परत यायची.

दहा दिवस काहीच झालं नाही. अकराव्या दिवशी काठ पुन्हा गुलाबी.

चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी इंदूरच्या सर्जननं पट्टी सोडली. मसुराच्या डाळीएवढं उघडं राहिलं होतं, बाकी सगळीकडं नवी कातडी, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. त्यांनी चष्मा वर केला. "काय लावलंत?"

"पट्टी," प्रेमलाबाई म्हणाल्या. "इन्सुलिन. आराम. आणि थोडा उजेड."

"कसला उजेड?"

"थोडाच," अक्का म्हणाली.

सर्जननी डाळीएवढ्या जागेवर बोटानं दाबून बघितलं, कागदावर काहीतरी खोडलं आणि म्हणाले, "पाय ठेवू. पण बाई, अनवाणी एक पाऊल नाही. जन्मभर."

नळी जानेवारीत कॉलेजात परत गेली. तिथं पोरांना धडा शिकवायला लागत होती. मार्तंड पुन्हा शेकायच्या दिव्यावर. त्यानंतर नोकरीची चार वर्षं उरली होती, ती तशीच गेली, आणि लोकांना त्याच्याबद्दल एवढंच आठवतं की दिव्याखालच्या माणसानं "बरं वाटतंय, काढा आता" म्हटल्याशिवाय तो दिवा हलवत नसे. पण भिंतीवरचं घड्याळ त्यानं त्या माणसाच्या अगदी समोर आणून टांगलं होतं. विचारायचा, "किती झाली बघा बरं? मग सांगा ना मला."

पुढच्या भादव्यात दोघं धारला गेली. छबिना आदल्या दिवशी होऊन गेला होता, बत्त्या आणि बँड आणि सगळं. बायका आता कुठंही चालत होत्या, कोणी अडवत नव्हतं, पण त्या गर्दीत कोणाचा बूट पायावर पडला असता. म्हणून दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती दोघं मुंजसागर तळ्याच्या काठाशी रिक्षातून उतरली. अक्काच्या पायांत शशिकलेनं आणलेले मऊ कापडी बूट होते. मार्तंडानं पिशवीतून घरची पितळी दिवटी काढली, चिंध्यांचा पोत तेलात भिजवला, पेटवला. उन्हात ज्योत दिसतच नव्हती. वरची हवाच तेवढी थरथरत होती.

त्यानं दिवटी अक्काच्या हातात दिली आणि बुधली आपण घेतली. डाव्या अंगाला आला.

अक्कानं कोपर बरगडीला लावला. एकदाही ज्योतीकडं बघितलं नाही. चालली. कडेला सायकलचं पंक्चर काढणारा माणूस हात थांबवून बघत राहिला. "अरे माँसाब," तो ओरडला, "दिन में मशाल? सूरज कम पड़ गयो के?"

"कम नहीं पड़ा रे भिया," अक्का मान न वळवता म्हणाली. "ज़्यादा हुआ था."

वाट फार नव्हती. आळी संपली, वळण आलं, पुन्हा आळी. भडभुंजाचं दुकान या बाजूला कधीच नव्हतं, तरी मार्तंडाला फुटाण्यांचा वास आला. त्यानं दोनदा तेल घातलं. एक थेंब बाहेर पडला, धुळीत, अक्काच्या बुटापासून हातभर लांब. तिनं मोकळ्या हातानं त्याचा कान चिमटला. दिवटी तसूभर हलली नाही.

देवळाच्या पायऱ्यांशी ती थांबली. दिवटी वर. मार्तंडानं बुधली खाली ठेवली, हात जोडले, आत देवाकडं बघितलं, मग अक्काच्या पायांकडं बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर, शेजारी शेजारी, बुटांवर धूळ. तो बघतच राहिला.

कबुतरं उडाली, बसली. पुजारी डोकावून आत गेला.

"बोल की मेल्या," अक्का दातओठ खाऊन म्हणाली. "हात भरून आला माझा."

मार्तंडानं मुकाट आणखी घटकाभर तिला तसंच उभं राहू दिलं. मग म्हणाला, आणि या वेळी ते पायरीवरच्या भिकाऱ्यालाही ऐकू गेलं, "दिवटीला निरोप."